पॉइंट झिरो वनचा कंडेन्सर

कंडेन्सर हा शब्द खेड्यात आता मराठीच झाला आहे. विहिरीवरची सिंगल फेज मोटर नुसतीच गुरगुरायला लागली आणि फिरेना, की शेतकरी म्हणतो, कंडेन्सर गेला. टेबलफॅन हातानं ढकलून सुरू करावा लागला, की घरातली म्हातारीसुद्धा म्हणते, कंडेन्सर बदला. जुन्या मोटरसायकलीचे पॉइंट जळायला लागले की मिस्त्री पहिल्यांदा कंडेन्सरच बघतो. महावितरण शेतकऱ्याला सांगत असतं, मोटरीला कपॅसिटर बसवा, डीपीवरचा भार हलका होतो. तोही हाच. शाळेच्या पुस्तकात त्याला धारित्र म्हणतात. पण धारित्र द्या म्हणून मागितलं, तर तालुक्याचा दुकानदार तोंडाकडं बघत राहील.

मला ज्या कंडेन्सरविषयी लिहायचं आहे तो मोटरीचा नाही. तो करंगळीच्या पेराएवढा आहे. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. गावच्या विठ्ठल मंदिरात एक लाकडी पेटी आहे. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्यांनी १९७३ साली घरी बनवलेला वाल्व्हचा प्रीअँप्लिफायर त्या पेटीत आहे. त्यातले कंडेन्सर आजवर तीन वेळा बदलले. तिन्ही वेळा काळ वेगळा होता आणि कारणही वेगळं होतं. पहिल्या वेळी तर गावातल्या बायकांचं भजन माईकवर राहणार की नाही, हे त्या करंगळीएवढ्या वस्तूवर येऊन ठेपलं होतं.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवायचे आणि मध्ये वीज जाऊ न देणारं काहीतरी घालायचं. झाला कंडेन्सर. १७४५-४६ च्या सुमारास जर्मनीकडच्या क्लाइस्ट नावाच्या धर्मगुरूला आणि हॉलंडातल्या लायडन गावच्या मुशेनब्रुक नावाच्या प्राध्यापकाला, दोघांना स्वतंत्रपणे, काचेच्या बाटलीत वीज साठवता येते असं आढळलं. दोघांनाही ते झटका बसूनच कळलं. त्या बाटलीला लायडनची बरणी असं नाव पडलं. पुढं १७८२ साली इटलीच्या व्होल्टानं अशा वस्तूला कंडेन्सर हा शब्द वापरला. वीज दाटीवाटीनं कोंडून ठेवणारा, असा त्याचा अर्थ. म्हणजे आपल्याकडची म्हातारी जो शब्द वापरते तो व्होल्टाचा आहे. कपॅसिटर हा नंतरचा.

त्याचा दुसरा गुण जास्त कामाचा आहे. एकसारखी एका दिशेनं वाहणारी वीज, म्हणजे डीसी, तो अडवतो. आणि हेलकावे खाणारी वीज पलीकडं पोचवतो. माणसाचा आवाज माईकमधून विजेच्या रूपात येतो तेव्हा तो हेलकावाच असतो. वाल्व्हच्या पत्र्यावर दीडशे-दोनशे व्होल्टचा डीसी उभा असतो आणि त्यावर आवाजाचा बारीकसा हेलकावा असतो. पुढच्या वाल्व्हला फक्त हेलकावा द्यायचा आणि डीसी अलीकडंच थोपवायचा. हे काम दोन वाल्व्हच्या मधला कंडेन्सर करतो. दारावरच्या राखणदारासारखं. आवाजाला आत सोडायचं, बाकीच्याला नाही.

आता गावात हे सगळं आलं कसं ते बघू. वाल्व्हचा शोध आमच्या आजोबांच्या काळातला. इंग्लंडच्या फ्लेमिंगनं १९०४ साली पहिला वाल्व्ह केला. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टनं १९०६ साली त्यात एक जाळी घातली आणि त्या जाळीमुळं पुढं बारीक आवाज मोठा करता यायला लागला. आपल्याकडं मुंबईचं नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झालं, पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला. दीडशे गावांत लोकांनी एकत्र बसून मराठीतून शेतीचे कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडं पाठवायचे. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला, पॉल न्यूराथ यांनी त्यावर लिहिलं. आमचं गाव त्या दीडशेत नव्हतं. आमच्याकडं चावडीत ग्रामपंचायतीचा एक वाल्व्हचा रेडिओ होता. त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागायचा आणि तो लावायचा मान तलाठ्याचा किंवा गुरुजींचा.

कोयनेची वीज १९६२ पासून सुरू झाली. आमच्या गावात खांब १९६६ ला आले. त्यानंतर दोनच वर्षांत गावानं वर्गणी काढून अँप्लिफायर आणि एक कर्णा घेतला. रेडिओनं बाहेरचा आवाज गावात आणला होता. कर्ण्यामुळं गावाचा आवाज पहिल्यांदा गावाला ऐकू आला. कीर्तन चालू असलं की वस्तीवर, मळ्यात, दारं धरणाऱ्या माणसाला शब्द ऐकू जायचे. हे आज साधं वाटेल, पण ज्या घरातल्या माणसांना मंदिराच्या पायरीच्या अलीकडं थांबावं लागायचं, त्यांच्या अंगणात कीर्तनाचा शब्द न् शब्द कर्ण्यानंच पोचवला, हेही तितकंच खरं.

अडचण एकच होती. त्या अँप्लिफायरला माईक लावायची सोय एकच. बुवांसमोर माईक ठेवला तर पखवाज ऐकू येत नसे, पखवाजाकडं सरकवला तर बुवा ऐकू येत नसत. नुसत्या दोन वायरी एकत्र पिळून दोन माईक जोडता येत नाहीत, दोघांचाही आवाज पडतो. माईकमधून येणारी वीज अगदी थोडी, व्होल्टचा हजारावा हिस्सा नाहीतर त्याच्या दोन-चार पट. आधी प्रत्येक माईकचा आवाज वेगवेगळा वाढवायचा, ज्याचा त्याचा कमी-जास्त करायचा, आणि मग एकत्र करून मोठ्या अँप्लिफायरला द्यायचा. याला प्रीअँप्लिफायर म्हणतात.

तात्या फौजेत सिग्नलमध्ये होते. जबलपूरला शिकलेले. १९७० साली पेन्शनवर आले ते दोन एकर जिरायत आणि एक सोल्डरिंगची कांब घेऊन. बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं घर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं, तात्याही होते. त्या वर्षी सप्ताह झाला नाही. त्र्याहत्तरला पाऊस झाला आणि गावानं ठरवलं की औंदा सप्ताह दणक्यात करायचा. तेव्हा तात्यांनी ही पेटी बनवायला घेतली. मी तेरा वर्षांचा होतो. पकड धरणं, वायर सोलणं ही कामं माझी.

पुण्याला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथून तात्यांनी ईसीसी ८३ नावाचे दोन वाल्व्ह आणले. या वाल्व्हचा अमेरिकन भाऊ १२एएक्स७ या नावानं १९४७ साली बाजारात आला. गंमत अशी, की त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि त्यानं पुढं वाल्व्हला घरी बसवलं. ईसीसी ८३ च्या एका काचेत दोन वाल्व्ह असतात. म्हणजे दोन काचांत चार. तात्यांनी हिशेब मांडला, तीन माईकला तीन आणि चौथा सगळ्यांचा आवाज एकत्र करून पुढं ढकलायला. ट्रान्सफॉर्मर साताऱ्याला मोटर बांधणाऱ्याकडून बांधून घेतला. जस्ती पत्र्याचा सांगाडा गावच्या लोहारानं वाकवून दिला, पेटी सुतारानं आंब्याच्या फळ्यांची केली. बाकी रेझिस्टन्स आणि कंडेन्सर पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून. तीन माईकचे तीन कंडेन्सर आणि शेवटी बाहेर जाणारा एक, असे चार. चारही पॉइंट झिरो वनचे, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरडचे, चारशे व्होल्टचे. आतून कागद आणि वर्ख यांची गुंडाळी, वरून मेण.

गावाकडं माईक दोनच होते. तिसरा कशाला, असं लोकांनी विचारलं. तात्या म्हणाले, "बायकांच्या बाजूला." तेव्हा बायकांचं भजनी मंडळ नव्हतंच. बायका खांबाच्या पलीकडं बसून ऐकायच्या, हरिपाठात मागून म्हणायच्या. पण काकीचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, गळा चांगला होता. जात्यावर बसली की शेजारच्या बायका कान देऊन बसायच्या. तात्या मनात काय धरून होते ते तेव्हा कुणाला कळलं नाही. पाच वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर साली, बारा बायकांचं मंडळ उभं राहिलं. तिसऱ्या बटणाचं काम तेव्हा सुरू झालं. सप्ताहात हरिपाठानंतर अर्धा तास बायकांचा, असं ठरलं. सगळ्यांना ते आवडलं होतं असं नाही. पण पाठीमागं तात्या होते, आणि पेटी त्यांची होती.

१९८६ च्या सप्ताहात आवाज फाटायला लागला. पुरुषांचं भजन चालू असताना सगळं ठीक. बायका बसल्या, तिसरं बटण वर केलं, की घोगरं, चिरकं, मडक्यात बोलल्यासारखं यायचं. वाईट म्हणजे तिसरं बटण वर असताना बुवा पहिल्या माईकवर बोलले तरी त्यांचाही आवाज फाटायचा. बटण फिरवताना खरखर यायची ती निराळीच. बैठकीत दोन-तीन वडीलधारी मंडळी म्हणाली, "बायकांचा माईक घेतला की सगळ्यांचाच आवाज नासतो. देवाच्या कामात ही कटकट नको. दोनच माईक ठेवा." कुणी म्हणालं, बायकांचा आवाज मुळात पातळ, यंत्राला झेपत नाही. बोलणाऱ्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण पुरावा त्यांच्या बाजूचा होता. बटण खाली केलं की गाव ऐकत होतं, वर केलं की फाटत होतं.

काकी मला म्हणाली, "दोष माझ्या गळ्यात हाय का त्या पेटीत, एवढं बघून सांग बाबा."

तात्यांची नजर तोपर्यंत गेली होती. मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशन व्हायचं होतं. ते मंदिराच्या ओसरीवर बसून सांगत होते आणि मी करत होतो. पहिल्यांदा त्यांनी माईकची अदलाबदल करायला लावली. बुवांना बायकांच्या जागेवरून म्हणायला सांगितलं. बुवांचा आवाजही तसाच फाटला. काकीला पहिल्या माईकवर बसवलं आणि तिसरं बटण पूर्ण खाली केलं. काकीचा आवाज स्वच्छ, मळ्यापर्यंत गेला. हे सगळं बैठकीतल्या माणसांसमोर झालं. गळ्याचा प्रश्न तिथंच संपला.

मग पेटी उघडली. तात्या म्हणाले, "सगळे माईक काढ. तिसऱ्या बटणाच्या वरच्या टोकाला मीटर लाव. डीसीवर. किती दाखवतंय?" तिथं शून्य असायला पाहिजे, कारण कंडेन्सरनं डीसी अलीकडंच थोपवायचा असतो. मीटरनं आठ व्होल्ट दाखवले. पहिल्या आणि दुसऱ्या बटणावर काटा हललासुद्धा नाही. तात्या हसले. "गळतोय त्यो. माठ पाझरतो तसा."

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेटीत जागा कमी, त्यामुळं तिसऱ्या माईकचं काम रेक्टिफायर वाल्व्हच्या शेजारी आलं होतं. तो वाल्व्ह चांगलाच तापतो. तेरा वर्षं त्या उष्णतेनं तिसऱ्या कंडेन्सरचं मेण पातळ होऊन ओघळलं. मेण गेलं, कागद उघडा पडला. मग आमच्याकडचा पावसाळा. कागदानं ओल धरली आणि त्यातून डीसी पाझरायला लागला. बटण जितकं वर करावं तितका हा डीसी पुढं, चौथ्या वाल्व्हच्या जाळीवर जाणार. त्या जाळीला फक्त हेलकावा हवा असतो. तिच्यावर डीसी चढला की वाल्व्ह बिथरतो आणि त्यातून जाणारा प्रत्येक आवाज फाटतो, मग तो बुवांचा असो नाहीतर कुणाचाही. बायका माईकपासून लांब बसायच्या, दाटीनं बसायच्या, म्हणून त्यांचं बटण नेहमी जास्त वर करावं लागायचं. म्हणजे दोष एका कागदाचा, आणि बट्टा लागत होता बारा बायकांच्या गळ्याला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेलो आणि चार नवे कंडेन्सर आणले. चारही मिळून दहा रुपयेसुद्धा झाले नाहीत. किंमत तीच, पॉइंट झिरो वन, पण सहाशे तीस व्होल्टचे आणि पॉलिस्टरचे. जुने नुसते तिसरेच बदलून भागलं असतं, पण तात्या म्हणाले, चारी भाऊ एकाच दिवशी जन्माला आलेत, एक गेला म्हणजे बाकीचेही वाटेवरच असणार. तिसरा बसवताना त्याला रेक्टिफायरपासून लांब, पत्र्याच्या पलीकडच्या अंगाला घेतला. संध्याकाळी हरिपाठानंतर बायका बसल्या. तिसरं बटण पार वर केलं. फाटलं नाही.

पॉलिस्टर म्हणजे काय, तर टेरिलीन. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी ते शोधलं. सत्तरच्या दशकात लग्नात नवरदेवाला टेरिलीनचा सदरा पाहिजेच असायचा. न चुरगळणारा, धुतला की लगेच वाळणारा. ज्या गुणासाठी नवरदेव तो सदरा मागत होता, तोच गुण कंडेन्सरच्या कामाचा. टेरिलीन पाणी धरत नाही. कागद म्हणजे सुती धोतर, ओलं झालं की दिवसभर ओलं. मी हे तात्यांना म्हणालो तेव्हा ते म्हणाले, आता पेटीनं पण सदरा बदलला म्हण की.

दुसरा बदल १९९४ चा. त्या वेळी तात्या राहिले नव्हते. पेटीतून "घूं" असा एकसारखा आवाज यायला लागला. हा दोष दुसऱ्या जातीच्या कंडेन्सरचा, इलेक्ट्रोलिटिकचा. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना तो लगेच समजेल. मोट भरून येते आणि थारोळ्यात एकदम रिकामी होते. मग पुढची मोट येईपर्यंत काहीच नाही. तरी पाटाला पाणी एकसारखं चालतं, कारण मध्ये थारोळं आहे. आपल्या घरातल्या विजेला सेकंदाला पन्नास हेलकावे. रेक्टिफायर त्यातून सेकंदाला शंभर मोटा ओततो. त्यापुढचा मोठा कंडेन्सर म्हणजे थारोळं. थारोळं फुटकं असलं की पाट धक्क्याधक्क्यानं वाहणार. तेच कर्ण्यातून "घूं" होऊन ऐकू येतं. या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख आणि ओलसर रसायन असतं. वर्षं गेली की ते रसायन वाळतं.

आमच्याकडं ते लवकर वाळायला आणखी एक कारण होतं. संध्याकाळी सगळ्या मोटरी चालू असल्या की दिव्याचा काजवा व्हायचा. मध्यरात्री मोटरी बंद झाल्या की व्होल्टेज अडीचशेच्याही वर चढायचं, आणि सप्ताहातला जागर असतो तो नेमका मध्यरात्री. घरातलं व्होल्टेज चढलं की पेटीच्या आतलंही त्याच प्रमाणात चढतं. तात्यांनी घातलेले इलेक्ट्रोलिटिक साडेतीनशे व्होल्टचे होते, ते काठोकाठ भरायचे. मी साडेचारशेचे घातले. सोळा मायक्रोफॅरडच्या जागी बत्तीस. दुकानदार म्हणाला, दोनशे वीस टाका, घूं मुळापासून जाईल. मी टाकले नाहीत. रेक्टिफायर वाल्व्ह आहे, लोखंडी नळ नव्हे. आमच्या पेटीतल्या ईझेड ८० या वाल्व्हला त्याच्या बनवणाऱ्यानंच पन्नासच्या वर जाऊ नका म्हणून सांगितलेलं आहे. थारोळं फार मोठं केलं तर ते भरताना बैलाचीच कंबर मोडते.

ज्यांच्या घरात अशी जुनी पेटी किंवा रेडिओ आहे त्यांना इथंच दोन गोष्टी सांगतो. वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी एकदम विजेला लावू नका. इलेक्ट्रोलिटिकच्या आतला पातळ थर पडून पडून झिजलेला असतो, एकदम भार आला तर तो फुटतो. रेडिओवाल्याकडं सिरीज बोर्ड असतो, त्यात साठचा बल्ब अडकवून पेटी हळूहळू जागी करायची. आणि दुसरं, बटण बंद केलं, पिन काढली, तरी कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट कोंडलेले असतात. लायडनच्या प्राध्यापकाला बसलेला झटका तुम्हालाही बसू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. रेझिस्टन्स लावून ते उतरवायचे, मीटरनं शून्य झाल्याची खात्री करायची, मगच हात घालायचा. तोही एकच हात. दुसरा खिशात ठेवायचा असं तात्या सांगायचे. सराव नसेल तर मिस्त्रीकडंच द्या.

तिसरा बदल २०१७ चा. मंदिराचा जीर्णोद्धार झाला, कर्णा जाऊन आत दोन लाकडी बॉक्सचे स्पीकर आले. माझा पुतण्या पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणाला, "काका, आता हे पॉलिस्टरचे पण जुने झाले. हल्ली लोक पॉलिप्रॉपिलीनचे घालतात. आवाज मोकळा होतो म्हणे." त्यानं आणून दिले, मी घातले. पॉलिप्रॉपिलीन १९५४ साली इटलीच्या नाट्टानं तयार केलं, त्याला १९६३ चं नोबेल मिळालं. साखरेचं विणलेलं प्लॅस्टिकचं पोतं बघा, ते त्याचंच. कागद गेला, सदरा आला, सदरा गेला, पोतं आलं. पेटीच्या आत जे बदललं तेच आमच्या घरात आणि बांधावर बदलत होतं.

आवाज मोकळा झाला का? खरं सांगायचं तर कागदाच्या जागी पॉलिस्टर आलं तेव्हाचा फरक आंधळ्यालाही कळला असता, कारण गळती थांबली होती. पॉलिस्टरच्या जागी पॉलिप्रॉपिलीन आलं तेव्हा मला, पुतण्याला आणि पखवाज वाजवणाऱ्याला, तिघांनाही काही फरक कळला नाही. हजारो रुपयांचे कंडेन्सरही मिळतात असं पुतण्या म्हणतो. ज्याची हौस त्याला लखलाभ. धड चालणारा कंडेन्सर काढून महागाचा घातला म्हणजे बुवांचा गळा सुधारत नाही.

फरक पडला तो दुसऱ्याच ठिकाणी. सगळ्यात शेवटचा, बाहेर जाणारा कंडेन्सरही तात्यांनी पॉइंट झिरो वनचाच घातला होता. पुतण्या म्हणाला, हा फारच लहान आहे, यातून खर्जाचा आवाज जाणार नाही. त्यानं कागदावर हिशेब केला. पुढं मोठ्या अँप्लिफायरचा एक लाख ओहमचा रेझिस्टन्स आहे, तेव्हा साधारण एकशे साठ सायकलच्या खालचा आवाज पडत जाणार. हिशेब बरोबर होता. पण तात्यांना तो हिशेब येत होता. त्यांच्यासमोर कर्णा होता. कर्ण्यातून खर्ज निघतच नाही. उलट तो आत ढकलला तर पडदा नुसताच थडथडतो, शब्द झाकले जातात, वाऱ्याचा आणि माईकला लागलेल्या हाताचा धबधब आवाज वाढतो. मळ्यातल्या माणसाला पखवाजाचा घुमारा नको होता, त्याला शब्द हवे होते. म्हणून राखणदार मुद्दाम बारीक दाराचा ठेवला होता.

आता बॉक्स आले आहेत, त्यांना खर्ज झेपतो. म्हणून मी तात्यांची जागा तशीच ठेवून तिच्या जोडीला ०.०४७ चा एक कंडेन्सर छोट्या बटणावर दिला. बटण वर असलं की तीस सायकलपर्यंत आवाज जातो आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा पोटात जाणवतो. दिंडीला कर्णा बांधायचा असला की पेटी बंद असतानाच ते बटण खाली करायचं. मग पेटी तात्यांच्या हिशेबानं चालते. जुनं सुधारायचं म्हणजे मोठं किंवा महागाचं घालायचं असं नाही. जुना भाग तिथं काय काम करत होता ते आधी समजून घ्यायचं, मगच हात लावायचा.

गावातल्या पोरांकडं आता मिक्सर आहे, बिनवायरचे माईक आहेत. चांगले आहेत. पण परवा एका मंडळाचा बॅटरीवरचा स्पीकर बंद पडला तर तो उघडताच येईना. चिकटवून बंद केलेला. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. तात्यांच्या पेटीचा तळ चार स्क्रूंवर आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या हातचा नकाशा चिकटवलेला आहे, कोणती वायर कुठं जाते तो, आणि त्याच्या खाली मी तिन्ही बदलांची वर्षं लिहून ठेवली आहेत. खाली आणखी दोन-तीन ओळी मावतील एवढी जागा आहे.

काकी २०११ ला गेली. बायकांचं मंडळ आता तीस जणींचं आहे, पाच गावांतून आमंत्रण येतं. ज्यांना दोनच माईक पुरेसे वाटत होते त्यांच्याच सुना-नाती त्यात आहेत. तिसऱ्या बटणाला मंदिरात अजून काकीचं बटण म्हणतात. नव्या पोरींना ते नाव का पडलं ते ठाऊक नाही, म्हणून हे लिहून ठेवलं.